उपनगरात घर घेताना

आज कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं दिवसभर घरं बघून झाली. फ्लॅटमधल्या टाइल्स नंतर बघा, आधी पूररेषा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, पण २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. म्हणून प्लॉट निळ्या रेषेत (वरचेवर येणारा पूर) आहे की लाल (क्वचित येणारा मोठा पूर), हे पूररेषेच्या नकाशावर गट नंबर शोधूनच बघायचं. एजंट "इथं कधी पाणी येत नाही" म्हणतोच. शेजारच्या किराणावाल्याला विचारा, भिंतीवर पाण्याची खूण कुठवर होती ते तो हात लावून दाखवतो. रस्ता बुडाला तर कोरडं घरही बेटच होतं, आणि उपसा केंद्रं बुडाली की उंचावरच्या नळालाही पाणी नाही. टाकी किती लिटरची, बोअर आहे का, हे नक्की विचारा.

मग कागद: सातबारा, जमीन एनए (बिगरशेती) असल्याचा कागद, मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, भोगवटा प्रमाणपत्र. गुंठेवारीतला (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले प्लॉट) तुकडा असेल तर नियमितीकरण झाल्याशिवाय बयाणा देऊ नका, बँक तिथंच अडते.

आणि एक फेरी जुलैच्या पावसात, रात्री आठनंतर माराच.