चाळीस मीटरवरची घरघर: आधी मेन पाडा

हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, घरघर येत असेल तर रेडिओ बॅटरीवर घ्या, तिथेच रिकामी जागा धरा आणि एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) नजर ठेवून घराचा मेन स्विच पाडा. एस ७ चा गोंगाट एस ३ वर आला, तर चोर घरातच आहे. आता सगळे एमसीबी पाडून मेन चढवा आणि एकेक एमसीबी चढवत जा. इन्व्हर्टर आणि लॅपटॉप मेन पडल्यावरही चालूच राहतात. ते विसरलात तर सगळा शोध फसतो.

बहुतेकदा सापडतो एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) नाहीतर चार्जर. सरळ बदलून टाका. जमत नसेल तर त्याची वायर, दोन्ही तारा एकत्र धरून, ३१ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) २.४ इंची फेराइट रिंगमधून १०-१२ वेळा ओवा. वायरीवर चिमटलेला फेराइटचा एकुलता एक मणी इथे जवळजवळ शोभेचाच, कारण गोंगाटाला होणारा अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो.