‘सांगितलंय ना’

रात्रपाळीला नवी अ‍ॅडमिशन आली. ताप, ग्लानी. मी विचारलं, “ताई, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “सांगितलंय ना, सिस्टर.” केसपेपरवर अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं. म्हणजे सांगितलं असेल ‘नाही’ म्हणून. मी ‘विचारले’पुढे टिक केली.

औषध लिहून आलं होतं ‘पिप-टॅझ’. पिपरासिलिन आणि टॅझोबॅक्टम. पूर्ण नाव असतं तर त्यातलं ‘सिलिन’, पेनिसिलिनच्या घराण्याची खूण, निदान डोळ्यांत खुपलं असतं. पण पूर्ण नाव लिहायला डॉक्टरांना वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर आखूड नावाची सवय आम्हालाही झालेली.

ठिबक लावून शेजारच्या बेडकडे वळले, तर मागून घसा खाकरल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. वळून पाहिलं तर त्या तळहात खाजवत होत्या. अंगावर पुरळ नव्हतंच, ते नंतर उठलं. आवाज मात्र बसला होता.

औषधाची रिअ‍ॅक्शन. ठिबक बंद केलं. अशा वेळी नळीतलं उरलेलं औषध फ्लश करून आत ढकलायचं नाही, नळीच बदलायची. नव्या मुलींना हे मी ओरडून शिकवते. बीपी ७०/४०. ज्युनिअर डॉक्टर धावत आले ते “हायड्रोकॉर्ट, एव्हिल भरा” म्हणतच. एक स्टेरॉइड, दुसरं अ‍ॅलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन. इथे माझं डोकं फिरतं. हायड्रोकॉर्टचा परिणाम दिसायला काही तास जातात, गळा बंद व्हायला काही मिनिटं पुरतात. तेवढ्यात जीव वाचवणारं औषध एकच. अ‍ॅड्रिनॅलिनची अ‍ॅम्प्यूल मी फोडून ठेवली होती. १ मिलीत १ मिलिग्रॅम. त्यातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. “सर, हे आधी देते.” त्यांनी मान हलवली. ऑक्सिजन लावला, सलाइन जोरात सोडलं. त्या उठून बसायला धडपडत होत्या, मावशींनी त्यांना आडवं धरून पाय उशांवर घेतले. पाच मिनिटांनी दुसरा डोस दिला, तेव्हा कुठे नाडी बोटाला नीट लागली.

सकाळी मुलीने पिशवीतून जुनं डिस्चार्ज कार्ड काढलं. लाल शाईत: पेनिसिलिन, घसा सुजतो. कॅज्युअल्टीत दाखवलं होतं म्हणे. तिथून ते घडी घालून परत मिळालं.

चौकशीत सगळे त्या ‘नाही’वरच बोलले. अक्षर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचं. मेट्रन मला म्हणाल्या, “तू कशाला घाबरतेस? तू विचारलंस. टिक आहे ना?”

टिक आहे.