तुम्ही विचारलंत म्हणून: बॉक्स सरळ चेसिसला जखडला तर काय बिघडतं?

कॅम्पर ट्रक, म्हणजे ट्रकच्या चेसिसवर (सांगाड्यावर) राहायची बंद खोली अर्थात बॉक्स बसवलेली गाडी, बांधायला निघालेली बहुतेक मंडळी पलंग, ओटा आणि सोलरचा आराखडा हातात घेऊन येतात आणि जाता जाता विचारतात, ‘बॉक्स यू-बोल्टनं सरळ चेसिसवर आवळला तर चालेल ना? मालट्रकची बॉडी तशीच तर बांधतात.’

बांधतात, खरं आहे. मधे लाकडाची पट्टी, वरून यू-बोल्ट, आणि गाडी वर्षानुवर्षं चालते. पण ती बॉडी टिकते कारण ती स्वतः वाकते. फळ्या करकरतात, फाळके हलतात आणि पीळ त्या सैल सांध्यांतून निघून जातो. तुमचा बॉक्स म्हणजे सहा सँडविच पॅनल (दोन पातळ पत्र्यांमधे फोम) चिकटवून केलेली बंद पेटी. ती जवळजवळ पिळत नाही.

चेसिस मात्र पिळते, आणि ते ठरवूनच. एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एकदम वर गेलं की पाटे आपला वाटा घेतात, उरलेला चेसिसचे दोन सी-चॅनल पिळून घेतात. त्यावर ताठ पेटी जखडली की ज्याची ताकद कमी ते तुटतं. बॉक्समध्ये पहिला तडा दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यात जातो. चेसिसमध्ये तो कॅबच्या लगेच मागे जातो, कारण सबफ्रेम, म्हणजे चेसिस आणि बॉक्सच्या मधली लोखंडी चौकट, तिथे सुरू होते. लवचीक भाग एकदम ताठ होतो आणि सगळा पीळ त्या वीतभर जागेत गोळा होतो. शिवाय चेसिस पिळेनाशी झाली की चाक लवकर हवेत उचललं जातं, म्हणजे फोर बाय फोरला (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला) मोजलेले पैसे वाया.

सगळ्या गाड्या सारख्या पिळत नाहीत. टाट्रा या ट्रकला मधोमध नळीचा कणा असतो, ती फारच कमी पिळते. युनिमॉग या ट्रकची चेसिस उलट मुद्दाम लवचीक ठेवलेली आहे. नेहमीच्या शिडीसारख्या चेसिसचे ट्रक या दोघांच्या मधले. म्हणून बैठक, म्हणजे बॉक्स चेसिसवर बसवायची जोडणी, गाडी पाहून ठरवायची, कुणाच्या फोटोवरून नाही.

सर्वांत सोपी बैठक स्प्रिंगची. सबफ्रेम चेसिसवर सपाट टेकते, मागे घट्ट बोल्ट, आणि पुढे प्रत्येक बोल्टावर दाबाची स्प्रिंग. चेसिस पिळली की सबफ्रेम एका बाजूनं थोडी उचलली जाते आणि परत बसते. सबफ्रेम आडवी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या मार्गदर्शक पट्ट्या हव्यातच, नाहीतर आडवा धक्का बोल्टांवर येतो आणि ते कापले जातात. ही बैठक बिघडते ती बहुधा गॅरेजात: खडखड नको म्हणून कोणीतरी स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडेपर्यंत नट आवळतो. मग ती स्प्रिंग उरत नाही, महागडा वॉशर होतो.

जास्त पिळणाऱ्या गाडीला तीन किंवा चार बिंदूंची बैठक लागते. तिवईचे तीन पाय कशाही जमिनीवर टेकतात, तेच तत्त्व. तीन बिंदूंत पुढे मधोमध एक बिजागर आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळ दोन बाजूंना दोन आधार. चार बिंदूंत पुढे आणि मागे मधोमध एकेक बिजागर, मध्यावर दोन बाजूंना दोन. मधोमधच्या बिजागराचा अक्ष गाडीच्या लांबीला समांतर हवा, बाजूच्या आधारांचा रुंदीला समांतर. बाजूचे आधार ‘हे तर स्थिरच’ म्हणून सरळ वेल्ड केले जातात आणि तिथेच तडे दिसतात, कारण गाडी पिळताना दोन चॅनल उलट दिशांना कलतात. लांबीच्या दिशेनं बॉक्स एकाच ठिकाणी घट्ट धरायचा. बाकीच्या बिंदूंना काही मिलिमीटर सरकायला वाव ठेवायचा. पुढच्या बिजागराचा भार मूळ क्रॉस मेंबरवर (दोन चॅनल जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर) टाकू नका, त्यासाठी वेगळा बसवा. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही नाही. उभ्या भागात, शक्यतो कंपनीनं पाडलेल्याच भोकांत, १०.९ दर्जाचे (जास्त ताकदीचे) बोल्ट. आधी त्या गाडीचं बॉडी-बिल्डर मॅन्युअल, म्हणजे बॉडी बांधणाऱ्यांसाठी कंपनीनं काढलेलं पुस्तक, मिळवा. कुठे हात लावायचा नाही हे त्यात असतं.

कॅबमधून बॉक्समध्ये शिरायची वाट हवी असेल तर हिशेब आधी करा. कॅब आणि बॉक्समध्ये ५ अंशांचा फरक पडला, तर बिजागरापासून २ मीटर उंचीवर आडवं सरकणं साधारण १७ सेंटिमीटर होतं, १ मीटरवर साधारण ९. तेवढं ताणलं जाईल असं घडीचं रबर लागतं.

सबफ्रेमसाठी १००×५०×४ मिमीचा चौकोनी पाइप मीटरला सुमारे ९ किलो भरतो. गॅल्व्हनाइझ करणार (वितळलेल्या जस्तात बुडवून थर देणार) असाल तर प्रत्येक पाइपला दोन्ही टोकांना भोकं ठेवा. जस्त साधारण ४५० अंशांवर असतं. बंद पाइपातल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप फुटतो, आणि शेजारी माणसं उभी असतात.

आता वजन. ४.२ मीटर लांब, २.३ रुंद, २.२ उंच बॉक्सचा पृष्ठभाग सुमारे ४८ चौरस मीटर. दोन्हीकडे २ मिमी फायबर आणि मधे ६० मिमी पीयू फोम धरला तर चौरस मीटरला साधारण १० किलो, म्हणजे ४८० किलोची रिकामी पेटी. खरं वजन वाढवतो तो सुतार. १८ मिमीची मरीन प्लायची आठ बाय चारची एक शीट पस्तीस-चाळीस किलोची असते. अशा दहा शीट घातल्या की बॉक्सच्या जवळपास दुप्पट झालंच. पाणी २०० लिटर म्हणजे २०० किलो. ते अ‍ॅक्सलच्या पुढे आणि जितकं खाली जमेल तितकं ठेवा. मागे लटकवलेल्या वजनाचं गणित वेगळंच: व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) ३.६ मीटर असेल आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या १.८ मीटर मागे १५० किलोचं स्टेपनी-स्टँड लावलं, तर मागच्या अ‍ॅक्सलवर २२५ किलो वाढतात आणि पुढचा ७५ किलोनं हलका होतो. चढावर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण टाळता येत नाही. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीत मनाजोगा बदल करता येत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी (राहायची सोय असलेल्या गाडीसाठी) एआयएस-१२४ हे मानक आहे आणि पुण्याची एआरएआय ही वाहनं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी एक. पहिला पाइप कापण्याआधी आरटीओत विचारा.

बॉक्स चढवल्यावर, फर्निचर घालण्याआधी, डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यांवर चढवा. मग उलट बाजू. दार उघडतं-मिटतं का, बॉक्स कॅबला घासतो का, डिझेलचा आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो का, हे तेव्हाच दिसतं. सगळ्या नटांवरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची रेघ ओढून ठेवा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो नट सैल झालाय. पुन्हा आवळूनही तोच सैल होत असेल, तर नट बदलू नका. त्या बिंदूचा अक्ष आणि सरकायला ठेवलेली फट तपासा.