जंत्री, रेसिडेक्स आणि मांजलपूरचा एक फ्लॅट

बडोद्यात ‘घरांचे भाव डबल झाले’ असे सांगणारा माणूस बहुधा जंत्रीचा आकडा पुढे करतो, आणि नेमके तेच मोजमाप सर्वांत फसवे आहे. जंत्री म्हणजे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर. २०११ च्या सुधारणेनंतर तो बारा वर्षे जागचा हलला नाही आणि १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीसाठी एकदम दुप्पट झाला. पण बाजारभाव बारा वर्षे गोठून एका रात्रीत दुप्पट झाले, असे कोणीही म्हणणार नाही. दस्तातली रक्कम पुष्कळदा याच दराला धरून लिहिली जाते आणि उरलेली रोखीने हातोहात जाते, त्यामुळे दस्तांवरूनही खरा भाव कळत नाही.

राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या भावांचा निर्देशांक-संच याहून बरा. २०१७-१८ हे आधारवर्ष धरून तो दर तिमाहीला निघतो, आणि त्यातल्या ५० शहरांत बडोदाही आहे. लहान, मध्यम आणि मोठी घरे वेगवेगळी धरून त्यांना ठरावीक भार दिला जातो, हे महत्त्वाचे. कारण साधी सरासरी घेतली, तर ज्या तिमाहीत बडोद्याच्या भायली भागातले मोठे फ्लॅट जास्त विकले गेले त्या तिमाहीत, कोणाचेही घर महाग न होता, शहराचा भाव चढलेला दिसतो. मात्र त्यातला एक निर्देशांक बँकांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनावर आधारलेला असल्यामुळे कर्जाविना झालेला व्यवहार त्यात येत नाही.

म्हणून तेच घर पुन्हा विकले जाते तेव्हाचा भाव पाहणे मला अधिक पटते. अमेरिकेतला घरांच्या भावांचा केस-शिलर निर्देशांक याच तत्त्वावर उभा आहे. बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत आमच्याच खालचा दोन बेडरूमचा फ्लॅट २००३ मध्ये ६ लाखांना, २०१३ मध्ये २४ लाखांना आणि २०२३ मध्ये ३६ लाखांना गेला. शेवटच्या दोन्ही वेळी साक्षीदार म्हणून माझीच सही असल्यामुळे हे आकडे रोखीसकट खरे आहेत. पहिल्या दशकात वाढ वर्षाला सुमारे १५ टक्के पडते, दुसऱ्यात जेमतेम ४. आणि या दुसऱ्या दशकात महागाईच वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे बारा लाख सुटले म्हणून पेढे वाटणारे आमचे शेजारी खरे पाहता तोट्यात होते. (पेढे मीही खाल्ले.)

भावांचा बुडबुडा आहे की नाही, हे ठरवताना भावाच्या चढापेक्षा भाड्याशी त्याचे नाते पाहावे. त्याच फ्लॅटचे वर्षाचे भाडे २००३ मध्ये किमतीच्या ५ टक्के होते, २०१३ मध्ये ३, आणि २०२३ मध्ये साडेतीन. भाडे मागे टाकून भाव पुढे पळाले, म्हणजे फुगवटा होता तो पहिल्या दशकात, आणि तो फुटला नाही. भाव तिथेच रेंगाळले आणि भाडी हळूहळू वर आली. अमेरिकेत २००६ नंतर भाव पाव हिश्श्याहून अधिक कोसळले, कारण कर्ज थकलेली घरे बँकांनी विकायला काढली. आपल्याकडचा कर्ज नसलेला मालक भाव उतरवत नाही, कुलूप लावून थांबतो.

भायलीबद्दल मात्र मी इतका निश्चिंत नाही. गेल्या महिन्यात, ताबा देऊन दोन वर्षे झालेल्या एका स्कीमसमोर रात्री साडेआठला उभे राहून मी दिवे मोजले. ५६ फ्लॅटांपैकी १९ मध्ये उजेड होता. मला गिऱ्हाईक समजून वॉचमन जवळ आला आणि म्हणाला की भाड्याने हवा असेल तर कोणताही मजला सांगा, पण विकत घ्यायचा असेल तर लवकर घ्या, पुढच्या वर्षी या भावात मिळणार नाही.