जीआरईचे शब्द, माझा अनुभव आणि क्लासची पिवळी वही

जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, एमएस-पीएचडीच्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा. मी लावलेल्या क्लासचं नाव घेत नाही. पुण्यात असे बरेच आहेत आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तशीच वही मिळाली होती. पिवळं कव्हर, स्पायरल बायंडिंग, झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेली अक्षरं. आत साडेतीन हजार इंग्रजी शब्द आणि प्रत्येकापुढे एका शब्दात अर्थ. दर रविवारी त्यावर परीक्षा: विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोडीतलं नातं ओळखा. हे दोन्ही प्रकार जीआरईतून ऑगस्ट २०११ मध्येच गेले. मी परीक्षा दिली २०२४ मध्ये. पैसे भरताना हे कुणी सांगितलं नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. पुढे मेकॅनिकल, मग चाकणला नोकरी. गणिताची चिंता नव्हती. पासपोर्ट, नोंदणी, तारीख मिळणं, सगळं विनासायास झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या भागाला.

सुरुवात तर झकास झाली होती. कोथरूडहून निघालेली कंपनीची बस नाशिक फाट्याच्या पुढे गेली की रांगायला लागते, त्या वेळात मी फोनवर अँकी या उजळणीच्या अ‍ॅपची कार्डं करायचे. अँड्रॉइडवर हे अ‍ॅप फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. आठवलेलं कार्ड ते दरवेळी अधिक दिवसांनी दाखवतं आणि विसरलेलं लगेच पुन्हा समोर आणतं. रविवारी पैकीच्या पैकी मिळवून पुढच्या पंधरवड्यात सगळं विसरणाऱ्या वर्गात माझे शब्द टिकत होते, ते यामुळे. विसरण्याचा वेग आणि उजळणीचा परिणाम एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडला होता. क्लासमध्ये मात्र अजून ‘एका दिवसात शंभर शब्द’ चालू होतं.

तर शब्द पाठ होते. ‘लॅकोनिक’ म्हणजे मितभाषी, ‘पुसिलॅनिमस’ म्हणजे भित्रा, झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. आणि सराव परीक्षेत व्हर्बलचा आकडा १५१-१५२ वरून हलेना. गुण १३० ते १७० मध्ये मिळतात, त्यामुळे १५१ म्हणजे जेमतेम मधला आकडा. सरांकडे गेले. ते म्हणाले, “अगं, लिस्ट पूर्ण झाली का तुझी?” झाली म्हटलं. “मग परत कर. लिस्ट तीनदा झाली की स्कोअर आपोआप येतो.” केली परत. आकडा जागचा हलला नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाले, “अवघड शब्दांवर भर दे, सोप्यात वेळ घालवू नकोस.” यापेक्षा उलटा सल्ला असूच शकत नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी वही बाजूला ठेवली आणि चुकलेले सगळे प्रश्न समोर घेऊन बसले. चुकलेल्यांत अनोळखी शब्द फारच थोडे होते. मी अडकत होते ते ओळखीच्या शब्दांवर. उदाहरण माझ्या मनाचं देते, पण साचा अगदी हाच असतो. वाक्य: समीक्षकांनी कादंबरीचं स्वागत केलं, तरी ते स्वागत अमुक होतं. पर्याय सहा: ‘इफ्यूसिव्ह’, ‘क्वालिफाइड’, ‘बिलेटेड’, ‘एक्झ्यूबरंट’, ‘गार्डेड’, ‘युनॅनिमस’. यातले दोन निवडायचे, वाक्याचा अर्थ दोन्हींनी एकच व्हायला हवा, आणि एक बरोबर एक चूक असेल तर अर्धा गुणसुद्धा नाही. याला सेंटेन्स इक्विव्हॅलन्स म्हणतात. पाठांतरवाला इथे हमखास ‘इफ्यूसिव्ह’ आणि ‘एक्झ्यूबरंट’ उचलतो, कारण ती समानार्थी जोडी त्याच्या डोक्यात तयार असते. पण वाक्यात ‘तरी’ आहे ना! स्वागत भरभरून नव्हतं. ‘बिलेटेड’, म्हणजे उशिराचं, वाक्यात बसतो, पण त्याला जोडीदार नाही. उत्तर ‘क्वालिफाइड’ आणि ‘गार्डेड’: हातचं राखून केलेलं स्वागत. आता ‘क्वालिफाइड’ म्हणजे शिकलेला, पात्र, हे आपल्याला शाळेपासून माहीत, म्हणून तो शब्द वहीत नव्हताच.

असे शब्द मग दिसत गेले. ‘सँक्शन’ घ्या. लोन सँक्शन होतं तेव्हा ती मंजुरी, रशियावर सँक्शन्स येतात तेव्हा तो निर्बंध. ‘चेक’ म्हणजे आवर घालणं, ‘फ्लॅग’ म्हणजे ढेपाळणं, ‘टेम्पर’ म्हणजे धार कमी करणं, ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे रटाळ. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे इथे रस नसलेला नाही, निःपक्षपाती. आणि ‘एनर्व्हेट’! ऐकायला एनर्जी दिल्यासारखा वाटतो, अर्थ आहे गळून जायला लावणं. वहीत हा होता, पण त्यापुढे छापलं होतं ‘उत्तेजित करणे’. चुकीचा अर्थ, आणि वर्षानुवर्षं त्याच पानाची झेरॉक्स निघतेय.

त्यानंतर मी कार्डं मोडून नव्याने केली. पुढच्या बाजूला एकटा शब्द ठेवायचाच नाही. गाळलेल्या जागेसह आख्खं वाक्य. मागे उत्तर, आणि खाली मराठीत माझ्या तोंडी असलेला शब्दप्रयोग. ‘फ्रूगल’खाली काटकसरी, ‘मायझर्ली’खाली चिक्कू. यादीत दोन्हींपुढे ‘कमी खर्च करणारा’ असलं काहीतरी होतं, पण एक कौतुक आहे आणि दुसरी शिवी, आणि प्रश्न नेमका त्या फरकावर येतो. वाक्यं उतरवायला एऑन या वेबसाइटवरचे फुकट निबंध पुरले. परीक्षेतले उतारे कला, जीवशास्त्र, इतिहास असल्या विषयांचे असतात, त्यामुळे तो वाचनाचा सरावही झाला.

प्रश्न सोडवताना पर्याय हाताने झाकायचे आणि रिकाम्या जागी आधी आपला शब्द घालायचा. मी बिनधास्त मराठी घालायचे: ‘मवाळ’, ‘उथळ’, ‘हातचं राखून’. मग पर्याय उघडून त्या अर्थाचे दोन शोधायचे. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘फार फ्रॉम’ दिसले की थांबायचं, तिथे वाक्य वळतं. आकडा इथून हलला आणि शेवटी १६१ ला गेला. गणित धरून माझ्या शाखेला तो भरपूर होता.

मधेच आठवलं म्हणून सांगते: सराव परीक्षा ईटीएसच्याच, म्हणजे जीआरई घेणाऱ्या संस्थेच्याच, द्या. पॉवरप्रेप नावाच्या त्यांच्या सराव परीक्षांपैकी दोन फुकट आहेत, आणि क्लासच्या प्रश्नांना ती चव नाही. मात्र दोन्ही सुरुवातीलाच उडवू नका. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीये, एकूण १ तास ५८ मिनिटं, मधे सुट्टी नाही. व्हर्बलचे पहिले १२ प्रश्न १८ मिनिटांत, नंतरचे १५ प्रश्न २३ मिनिटांत. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्यात घाई करू नका. एका भागात मागेपुढे जाता येतं. मी शब्दांचे प्रश्न आधी उरकून उतारे नंतर घ्यायचे.

मुळं, म्हणजे लॅटिन-ग्रीक धातू, शिकावेत का? थोडे शिका. ‘लोक्वेशियस’ला, म्हणजे बडबड्याला, उपयोग होतो, पण ‘नॉइसम’चा नॉइजशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द आहे.

क्लासमधून अजून मेसेज येतात: “अभिनंदन! फोटो आणि स्कोअर पाठवा, फ्लेक्सवर लावायचाय.” मी पाठवलेला नाही. ‘एनर्व्हेट’च्या पानाचा फोटो मात्र दुरुस्तीसह पाठवला होता. त्यावर अंगठा आला.

आणि एक. परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना गुण फुकट पाठवता येतात, नंतर प्रत्येकाचे वेगळे पैसे लागतात. नावं घरूनच ठरवून जा.