तुम्ही विचारलंत म्हणून : पाय दुखत नाहीत का?

मुलांना न्यायला आलेल्या आया कराटे क्लासच्या हॉलच्या दारात थांबलेल्या असतात आणि आत वीस-बावीस पोरांच्या रांगेत तपकिरी पट्टा बांधलेली मी, वय वर्षं 47, घोड्यावर बसल्यासारखी गुडघ्यांत वाकून उभी. क्लास सुटला की कुणीतरी विचारतंच, "काकू, एवढा वेळ असं उभं राहून पाय नाही का हो दुखत?"

दुखतात. मांड्या भरून येतात हे सगळ्यांना दिसतं. माझा जीव मात्र पहिली दोन वर्षं तळपायांनी खाल्ला.

शोतोकान या कराटेच्या शैलीत किबा-दाची नावाचा पवित्रा आहे. दोन पावलांत खांद्यांच्या जवळजवळ दुप्पट अंतर, पावलं समांतर, गुडघे बाहेर रेटलेले, पाठ ताठ. टेक्की शोदान ही काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, तर अख्खी याच पवित्र्यात, आडव्या एका रेषेत करायची. तिचं ओकिनावातलं जुनं नाव नाइहांची. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी ते बदलून टेक्की केलं, म्हणजे लोखंडी घोडेस्वार. सर "इचि, नि, सान" मोजायला लागले की सातापर्यंत मी घोडेस्वार असायचे. आठाला तळव्याच्या कमानीत असा गोळा यायचा की सगळा घोडा जागच्या जागी बसायचा. तळपायाची आग मस्तकात जाते, हे तोवर मी फक्त रागाबद्दलच ऐकलं होतं.

एकदा सर माझ्या पायाशी उकिडवे बसले. वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून त्यांनी माझ्या करंगळीच्या मुळाखाली सरकवली आणि ओढली. अलगद निघून आली. टाचेच्या बाहेरच्या कडेखालूनही आली. अंगठ्याखाली मात्र अडकली आणि फाटली. माझी नखं पांढरी पडली होती, बोटं आत वळून फरशीला घट्ट धरून बसली होती. "काकू, रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरताय का?" सरांनी विचारलं. नाशिकच्या माणसाला याहून जास्त काही समजावून सांगावं लागत नाही.

झालं होतं असं : मी गुडघे बाहेर रेटतच नव्हते. ते आत पडत, त्यांच्यामागोमाग पाऊल आत कलंडे, कमान चेपली जाई आणि ती सावरायला तळव्यातले लहानसे स्नायू जिवाच्या आकांतानं आवळून धरत. खुब्यांनी करायचं काम बोटांच्या गळ्यात पडलेलं. मग गोळा येणार नाही तर काय?

आता पाय मांडला की आधी पाचही बोटं उचलते, पसरते आणि सैल ठेवते. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्हीवर वजन. गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत. आणि पवित्रा वीतभर आखूड. या शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटली, कारण शेजारची नऊ वर्षांची मुलगी माझ्याहून खाली बसत होती. पण गोळे दोन आठवड्यांत कमी झाले.

टाच हे वेगळं प्रकरण. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. चार पावलं चाललं की कमी. म्हणून मी ते कित्येक महिने अंगावर काढलं. व्यायामात "सहन करा, होईल सवय" म्हणणारे भेटतातच. गोळ्याच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे, टाचेच्या बाबतीत साफ चूक. डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस सांगितलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा एक जाड पट्टा असतो, तो दुखावला होता. माझ्या पोटऱ्या आखडलेल्या, झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवायच्या पवित्र्यात, मागची टाच जमिनीला टेकलेलीच ठेवायची आणि खाली शहाबादी फरशी. फुनाकोशींनी गुरूच्या अंगणात सराव केला, आपल्या पैलवानांना तालमीत लाल माती मिळते. आम्हाला फरशी. फोमच्या मॅट आणून पाहिल्या, तर चवड्यावर गिरकी घेताना पाऊल अडकायचं आणि गुडघा पिरगळायचा.

मग उपाय : उठण्याआधी बोटं हातानं नडगीकडे ओढून दहापर्यंत मोजणं, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं, घरात अनवाणी न फिरणं, आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणं. आईनं काशाची वाटी आणि तूप घेऊन रोज रात्री तळवे घासून दिले. झोप फार सुरेख लागायची. टाच वाटीनं बरी झाली नाही, पण आईला मी वाटीनंच झाली असं सांगितलंय. सगळं मिळून आठ महिने लागले.

पवित्रा सोडल्यावर जे दुखणं मिनिटभरात जातं, त्याला मी आता घाबरत नाही. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, सूज, मुंग्या, किंवा दुसऱ्या दिवशीही तसंच राहणारं काही असेल तर त्या दिवशी खुर्चीत बसून हातांचाच सराव करते. आणि मधुमेह असेल तर अनवाणी सरावाआधी डॉक्टरांना विचारा, घरी गेल्यावर तळवे उजेडात नीट बघा. मधुमेहात तळव्याला जखम झालेली कधी कधी कळतही नाही.

बाटली अजून फ्रीजरमध्येच असते. मुलानं तिच्यावर स्केचपेननं लिहून ठेवलंय, 'पिऊ नये, आईचा पाय'. पाहुणे येणार असले की मी ती मटारच्या पिशवीमागे ढकलते.