वाघर आठ गुंठ्यांची

परवा पहाटे चार वाजता अण्णांचा फोन आला. "मास्तर, वाडा भिवघाटापतोर आलाय. तुझं रान मोकळं हाय न्हवं?"

अण्णा म्हणजे माझे चुलते, आणि वाडा म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारी बिऱ्हाडं. वय अडुसष्ट. दिवाळी झाली की चार घरांची बिऱ्हाडं घोड्यांवर लादून ते आटपाडी तालुक्यातलं आमचं गाव सोडतात आणि मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरतात. पलूस, वाळवा, कधी त्याच्याही खाली. तिकडं ऊस तुटलेला असतो, रानं मोकळी असतात. मृगाच्या तोंडावर परत वर. माझे वडीलही हेच करायचे. मी शिकलो, विट्याच्या बाजूला शाळेत लागलो आणि घरात कुऱ्हाड-काठी घेणारा माझ्या फांदीवरचा माणूस संपला. आता माझ्याकडं गावात तीन एकर रान आहे आणि मेंढरं अण्णांकडं आहेत. गेली काही वर्षं या दोन गोष्टी पुन्हा एकमेकींना लागू लागल्यात, त्याबद्दल लिहायचं आहे.

शहरातल्या वाचकांसाठी आधी सांगतो, मेंढरं बसवणं म्हणजे काय. दिवसभर चरलेली मेंढरं रात्री तुमच्या रानात बसवायची. भोवती वाघर लावायची, म्हणजे दोऱ्याचं जाळं, काठ्यांना ताणून. चार खांडं, म्हणजे कळप, मिळून आमची आठशेच्या आसपास मेंढरं आहेत. एका मेंढराला साधारण एक चौरस मीटर जागा लागते, म्हणजे आठशे मेंढरांना आठ गुंठे. दुसऱ्या दिवशी वाघर शेजारच्या आठ गुंठ्यांवर. पाच रात्रींत एक एकर. रान कुणाचंही असो, मालक रात्रीचे पैसे देतो, नाहीतर ज्वारी देतो. ज्वारीचा रिवाज आता कमी झालाय.

पण हिशेबात जे येत नाही तेच यात महत्त्वाचं आहे. शेणखत उकिरड्यावरून ट्रॉलीत भरून आणेपर्यंत त्यातला ओलावा आणि त्याच्याबरोबर बराच कस उडून गेलेला असतो. जनावराचं मूत तर गोठ्यातच मुरतं. मेंढराची लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी रानात पडतं, वाहतुकीचा खर्च शून्य. वर खुरांनी ती लेंडी मातीत दाबली जाते. सकाळी वाघर उचलल्यावर त्या जागेवर अनवाणी उभं राहून बघा. माती पायाला कोमट लागते. उग्र वास येतो, डोळ्यांत झोंबतो. अण्णा म्हणतात, त्याच दिवशी कुळव मार, ऊन खाऊ देऊ नको. कारण ते झोंबणारं जे आहे तोच नत्र, आणि तो हवेत चाललाय. मी विज्ञान शिकवतो, अमोनियाचं सूत्र फळ्यावर लिहितो. अण्णा शाळेत गेले नाहीत, पण कुळव कधी मारायचा हे त्यांना माझ्या आधी ठाऊक होतं.

माझं रान कसं झालं होतं तेही सांगायला हवं. टेंभू योजनेचं पाणी आमच्याकडं आलं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं इतक्या वर चढून माणदेशात येतं, हे पाहायला ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली त्यांत माझे वडील होते. पाणी आल्यावर मीही सगळ्यांसारखं तीन एकर डाळिंब लावलं. पहिले बहार चांगले गेले. मग तेल्या रोग आला, मग मर रोग. झाडं उभ्या उभ्या पिवळी पडून जायची. त्या झाडांना वाचवायला मी काय काय ओतलं असेल! शेवटी दोन एकर काढून टाकलं. तेव्हा नांगराखाली जी ढेकळं निघाली ती हातानं फुटत नव्हती. वडिलांच्या हयातीत त्याच रानात पावसावर बाजरी आणि जोंधळा यायचा.

त्या वर्षी अण्णांना म्हटलं, दहा रात्री माझ्याकडं बसवा. पहिल्या हंगामात फार फरक दिसला नाही, उगाच वाढवून सांगत नाही. तण मात्र भरपूर आलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसवली. तिसऱ्या वर्षी जोंधळ्याच्या वेळी कुदळ मारली तर ढेकूळ मुठीत चुरलं आणि आत गांडुळाची विष्ठा निघाली. मी ते ढेकूळ कागदात बांधून वर्गात नेलं होतं.

याच दरम्यान एक गोष्ट माझ्या हातून घडली. उरलेल्या एक एकर डाळिंबावर मी कीटकनाशक फवारलं होतं. बागेखाली गवत माजलेलं. चुलतभाऊ दुपारी मेंढरं घेऊन आला. मी घरी नव्हतो, कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यानं आपलंच रान म्हणून खांड आत घातलं. संध्याकाळी मेंढ्यांच्या तोंडाला फेस आला, अंग थरथरायला लागलं, पाय लटपटून एकेक बसायला लागली. डॉक्टर आले, ॲट्रोपिनची इंजेक्शनं दिली, पंधरा-वीस वाचली. नऊ मेंढ्या गेल्या, त्यातल्या चार गाभण होत्या. चुलती एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला एक शब्द सुनावला नाही. औषधाच्या डब्यावर थांबायचे दिवस लिहिलेले असतात. ते मी वाचले होते, पण डाळिंब तोडण्यासाठी. गवतासाठी कधी वाचले नव्हते. त्या नऊ मेंढ्यांचे पैसे मी अण्णांना दिले, त्यांनी घेतले, पण त्यानं ती रात्र काही पुसली गेली नाही. उरलेलं डाळिंबही मी पुढच्या वर्षी काढलं.

आता गायरानाचं. गावात जलसंधारणाचं काम झालं, चांगलं झालं. माळावर सलग समतल चर खोदले, ओढ्यावर दगडी बांध घातले, श्रमदानाला मीही शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. आणि मग ठरावात शब्द आला, चराईबंदी. आदर्श गावाच्या पंचसूत्रीत तो पहिल्यापासून आहे, कुऱ्हाडबंदी आणि नसबंदीच्या रांगेत. त्यामागची भीती खोटी नाही, मोकाट चराईनं माळ उघडे पडलेत. पण बंदी घालताना धनगराला विचारलं जात नाही. त्याला माळाचा शत्रू धरूनच सभा सुरू होते. अण्णा त्या ग्रामसभेत मागं उभे होते. विचारल्यावर म्हणाले, "बंद करा की. पण कवापतोर ते ठरवा. कुसळ पडल्याबिगर आमी तर कुठं घालतुय?"

सभेतल्या तरुणांना हे कळलं नाही म्हणून त्यांनीच समजावून सांगितलं. कुसळी गवत फुलोऱ्यावर येतं तेव्हा त्याच्या कुसळाला टोकदार काटा असतो. तो लोकरीत अडकतो, कातड्यात शिरतो, मेंढराला जखमा होतात. त्यामुळं कोणताही जाणता धनगर त्या दिवसांत कुसळीच्या माळावर खांड घालतच नाही. तोवर पवन्या, मारवेल या चाऱ्याच्या गवतांचं बी गळून मातीत गेलेलं असतं. म्हणजे माळाला जी विश्रांती हवी ती या लोकांच्या वहिवाटीत आधीच होती, फक्त ठरावाच्या भाषेत नव्हती. शेवटी असं ठरलं की मृगापासून दिवाळीपर्यंत माळ पूर्ण बंद. त्यानंतर अर्धा उघडा, अर्धा पुढच्या वर्षी. नवी झाडं लावलेला पट्टा तीन वर्षं बंद. तीन वर्षं झाली, ठराव टिकलाय. एकदा बाहेरच्या खांडानं मोडला, तेव्हा अडवायला सगळ्यांत आधी अण्णाच धावले.

पाण्याचंही असंच आहे. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारख्या माणसांनी तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. पाणी जमिनीच्या मापानं न देता घराच्या मापानं द्या, भूमिहीनालाही द्या. त्याच्याही आधी खानापूर तालुक्यात येरळेवर बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण स्वतः उभं केलं. नदीतली थोडी वाळू गावानंच विकून त्यासाठी पैसा उभा केला आणि पाण्याचा हक्क घरटी समान ठेवला. मी कॉलेजात असताना तिथं जाऊन आलो. ते तत्त्व मला आजही सगळ्यांत मोठं वाटतं. पण आता बंद पाइपातून पाणी थेट रानात जातं, उघडा पाट राहिला नाही. पाण्याची नासाडी थांबली हे उत्तम. मात्र आठशे मेंढरांनी तोंड कुठं लावायचं? भूमिहीनाचा हक्क मान्य करायचा तर ज्याची सगळी मत्ता चार पायांवर चालते त्याचाही वाटा मोजायला हवा. आमच्या गावापुरतं इतकं झालं की तलावाचा गाळ काढताना पूर्वेची एक बाजू उतरती ठेवली, दगड बसवले. पाणवठा. त्या बाजूला मोटार टाकायची नाही, हे गावानं पाळलंय.

झाडाचं म्हणाल तर धनगराला झाड राखायला कुणी शिकवायची गरज नाही. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला जाऊन बघा, बिरोबाचं देऊळ बनात आहे आणि लोक देवाइतकंच बनाला मानतात. आमच्या आज्यानं मला लहानपणी खांद्यावर बसवून तिथं नेलं होतं. गजी नाचाच्या ढोलाचा आवाज पोटात जाणवायचा, तेवढं आठवतं. आज्याचं काळं घोंगडं अजून घरात आहे, सनगराकडून विणून घेतलेलं. आता लोकर कातरून बांधावर पडून राहते, विणणारा जवळपास राहिला नाही, आणि मटणाला भाव म्हणून माडग्याळ जातीची मेंढरं वाढलीत, त्यांना लोकर नावालाच. याचं मला फार वाईट वाटतं. अण्णांना मात्र वाटत नाही. ते म्हणतात, पोरं मागं यायला हवीत तर पैसा दिसाय हवा.

वाडा काल पोचला. पहिली वाघर ओढ्याकडच्या कोपऱ्यात लावली. कोकरांची डालगी चिंचेखाली ठेवली, चुलतीनं तीन दगड मांडून चूल पेटवली. आल्या आल्या अण्णांनी बांधावरून नजर फिरवली. त्या नऊ मेंढ्यांनंतर मी एक पद्धत चालू केली होती. फवारणी केली की बांधावरच्या काठीला पांढरं फडकं बांधायचं आणि फडक्यावर तारीख लिहायची. माझी बाग गेली, पण शेजारच्या बागा आहेत. आधी एकानं बांधलं, मग दुसऱ्यानं. काल ओढ्यापासून रस्त्यापर्यंत पाच फडकी होती. अण्णांना वाचता येत नाही, म्हणून नात पुढं चालत होती आणि प्रत्येक काठीपाशी थांबून मोठ्यानं तारीख सांगत होती.

रात्री नऊला वरच्या बागवाल्याचा फोन आला. "मास्तर, माझं फडकं वाऱ्यानं गेलंय बघा. परवाच मारलंय. अण्णास्नी सांगा, सकाळी माझ्या बांधानं येऊ नका."

मी बॅटरी घेऊन वाघरीकडं निघालो.